बाजरीतले विष आणि एक मोडलेले जनुक

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात चाळी गेल्या, टॉवर आले. पण बाजरी गेलेली नाही. सातारा, सांगली, नगर, जुन्नरकडून आलेल्या घरांत थंडीची चाहूल लागली की भाकरीचे पीठ बदलते. शेजारच्या गुजराती घरात रोटला थापला जातो. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी अजूनही होतेच होते. ही बाजरी दोन वाटांनी उपनगरात येते. एक वाट वाशीच्या दाणाबाजारातून वाण्याच्या दुकानात येणारी. दुसरी गावाकडून भाऊ-मेहुण्याने आपुलकीने पाठवलेल्या पोत्याची. पहिल्या वाटेवरची बाजरी बहुधा यंत्रावर साफ झालेली असते. दुसरी थेट खळ्यावरून येते. ह्या लेखाचा विषय त्या दुसऱ्या पोत्यात एखाद्या ओल्या वर्षी सापडणारी एक वस्तू आहे: दाण्याहून लांबट, टोकाला निमुळती, तपकिरी ते काळपट रंगाची एक कठीण गाठ.

दाण्याच्या जागी वाढलेली असली तरी ती दाणा नाही, बुरशीचा देह आहे. बुरशीचे शास्त्रीय नाव क्लॅव्हिसेप्स फ्यूजिफॉर्मिस, रोगाचे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले नाव अरगट. ह्या गाठीत अल्कलॉइड नावाची द्रव्ये साठलेली असतात. पोत्यात अशा गाठी मूठभर असतील आणि त्या निवडल्याविना दळल्या गेल्या, तर भाकरी खाणारा आजारी पडतो. किती आणि कसा, हे त्या बुरशीच्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेल्या काही जनुकांवर ठरते. त्यांतले एक जनुक मोडके आहे. ते मोडके असणे ही महाराष्ट्रातल्या बाजरी खाणाऱ्यांच्या पदरी पडलेली मोठी कृपा आहे, असे माझे मत होत गेले आहे. ते कसे, तेच सांगायचे आहे.

१९५६ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे १९६० मध्ये ज्याला सांगली हे नाव मिळाले त्या जिल्ह्याच्या परिसरात, बाजरीवर अरगटाची साथ आली. व्ही. पी. भिडे आणि आर. के. हेगडे यांनी १९५७ च्या ‘करंट सायन्स’मध्ये मुंबई राज्यातल्या बाजरीवरील अरगटाची नोंद केली. पाठोपाठ १९५८ मध्ये पटेल, बोमन आणि दल्लाल यांचा लेख ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’मध्ये आला. त्याचा विषय होता मुंबई राज्याच्या दक्षिण भागात रोगट बाजरी खाऊन झालेली विषबाधेची साथ. म्हणजे वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि डॉक्टर हे एकाच सुमाराला, एकाच बुरशीच्या दोन टोकांना उभे होते. मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी, आणि बराच वेळ न उतरणारी झोप, ही ह्या विषबाधेची लक्षणे. १९७५ मध्ये राजस्थानात तशीच साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि भट यांनी तिचा अभ्यास केला. लक्षणे तीच होती. माणसे एक-दोन दिवसांत बरी झाली, कोणी दगावले नाही.

हे शेवटचे वाक्य वाचून थांबावे असे आहे. कारण अरगटाचा युरोपातला इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना ते खरे वाटणार नाही. तिकडे राय नावाच्या धान्यावर ह्याच कुळातली क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही बुरशी येते. तिच्या गाठी मिसळलेला पाव खाऊन मध्ययुगात गावेच्या गावे आजारी पडली. बोटांत आग आग होई, मग ती काळी पडत, सुकत, रक्त न सांडता गळून जात. कुणाचे पाऊल जाई, कुणाचा हात. त्या आजाराला ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत, आणि त्या रोग्यांची सेवा करण्यासाठी संत अँथनीच्या नावाचा एक वेगळा पंथच उभा राहिला होता. बुरशीचे कूळ एक, गाठ दिसायला जवळपास तशीच, धान्यात मिसळण्याची रीतही तीच. तिथे हातपाय झडले, इथे उलट्या आणि झोपेवर निभावले. हा फरक खाणाऱ्याच्या प्रकृतीतला नाही, भाकरी आणि पाव यांच्यातलाही नाही.

आधी बुरशी कणसात शिरते कशी ते पाहू, कारण अडवायची जागाही तीच आहे. बाजरीच्या फुलात स्त्रीकेसर आधी बाहेर येतो, पुंकेसर दोन-तीन दिवसांनी. मधल्या काळात कुक्षी उघडी, ताजी आणि ओलसर असते. ती वाट पाहत असते परागाची. पण हवा ढगाळ असेल, रिमझिम लागलेली असेल, तर परागाऐवजी बुरशीचा बीजाणू येऊन पडतो आणि परागनलिकेच्याच वाटेने अंडाशयात उतरतो. आठवड्याभरात कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरू लागतो. त्या थेंबांत लक्षावधी बीजाणू असतात. किडे आणि पावसाचे थेंब ते पुढच्या कणसांवर नेतात. मग त्या फुलात दाण्याऐवजी गाठ धरते. परागकण आधी पोचला तर मात्र कुक्षी काही तासांतच कोमेजते आणि बुरशीची वाट बंद होते. १९८० च्या सुमारास पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत ठाकूर आणि विल्यम्स यांनी परागीभवन आणि अरगट यांचे हे नाते प्रयोगांनी दाखवून दिले.

ह्यामुळेच संकरित बाजरी आल्यावर अरगटाचा प्रश्न तीव्र झाला. १९६५ मध्ये एचबी-१ हा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन इथला ‘टिफ्ट २३ ए’ हा नरवंध्य वाण होता. उत्पादन वाढले, ते वाढायलाच हवे होते. पण संकरित वाणाचे शेत एका दमात फुलते. गावरान बाजरीत ताटे मागेपुढे फुलत, कुठे ना कुठे पराग उडतच असे. एकसारख्या शेतात नेमक्या त्या दोन-तीन दिवसांत पाऊस लागला तर सगळ्याच कुक्षी एकदम उघड्या सापडतात. गावरान वाणांच्या ह्या बेशिस्त फुलोऱ्यात एक संरक्षण दडलेले होते, आणि ते गमावल्यावरच आपल्याला कळले. २०१७ मध्ये बाजरीचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यासाठी निवडलेला वाण टिफ्टनच्याच त्या घराण्यातला होता.

आता विषाकडे. बासेलच्या सँडोझ कंपनीत १९३८ मध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी अरगटातल्या लायसर्जिक आम्लापासून एलएसडी बनवले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच प्रयोगशाळेने बाजरीच्या अरगटावरही काम केले, हे फारसे सांगितले जात नाही. १९५४ मध्ये स्टॉल, हॉफमन आणि सहकाऱ्यांनी बाजरीवरून घेतलेली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी केली. ती राय धान्याच्या अरगटातल्या द्रव्यांहून साधी, लहान रेणूंची निघाली. ह्या गटाला क्लॅव्हीन म्हणतात. त्यांतली बाजरीच्या संदर्भातली मुख्य दोन: अ‍ॅग्रोक्लॅव्हीन आणि एलिमोक्लॅव्हीन. दोन्ही बुरशी वेगळ्या जातींच्या आहेत हे मात्र तेव्हा नीट ठरलेले नव्हते. सांगलीकडे माणसे आजारी पडली तेव्हा आपल्याकडचे शास्त्रज्ञ ह्या बुरशीला क्लॅव्हिसेप्स मायक्रोसेफाला म्हणत होते. फ्यूजिफॉर्मिस ही स्वतंत्र जात ए. आर. लव्हलेस यांनी १९६७ मध्ये, आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियातील नमुन्यांवरून निश्चित केली.

बुरशी हे द्रव्य घडवते कशापासून? सुरुवात ट्रिप्टोफॅन ह्या साध्या अमिनो आम्लापासून होते, जे आपल्या डाळीत, दुधात, शरीरातही असते. त्याला पाच कार्बनांचा एक तुकडा जोडला जातो. मग एकामागून एक विकरे त्या रेणूला वळवतात, कडी बंद करतात, ऑक्सिजन चढवतात. चॅनोक्लॅव्हीन, अ‍ॅग्रोक्लॅव्हीन, एलिमोक्लॅव्हीन अशा पायऱ्या लागतात. पुढची पायरी लायसर्जिक आम्लाची, आणि त्याला अमिनो आम्लांची साखळी जोडली की अर्गोटमीनसारखी मोठी द्रव्ये तयार होतात. रक्तवाहिन्या आवळून बोटे काळी पाडणारी हीच ती द्रव्ये. प्रत्येक पायरीला एक विकर, आणि प्रत्येक विकरामागे एक जनुक.

ह्यातल्या पहिल्याच पायरीचे जनुक, ‘डीएमए-डब्ल्यू’, १९९५ मध्ये अमेरिकेत वेगळे केले गेले. त्या वेळी ते राय धान्याच्या अरगटाचे मानले होते, पण ज्या बुरशीतून ते घेतले ती पुढे बाजरीची फ्यूजिफॉर्मिस ठरली. जगप्रसिद्ध अरगट-रसायनाच्या जनुकशास्त्राचा पहिला धागा अशा रीतीने बाजरीच्या बुरशीतून हाती आला. १९९९ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात पाउल टुड्झिन्स्की आणि सहकाऱ्यांनी पर्प्युरियात असे दाखवले की ह्या मार्गाची जनुके गुणसूत्रावर इतस्ततः विखुरलेली नाहीत. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, हिंग एकत्र असावेत तशी ती एकाच जागी शेजारीशेजारी आहेत. बुरशींमध्ये ही रचना वारंवार आढळते. पेनिसिलिनची जनुके अशीच एकत्र असतात, शेंगदाण्यावरच्या अफ्लाटॉक्सिनचीही. एकत्र असल्याने ती पुढच्या पिढीत एकत्र जातात, आणि एका इशाऱ्यावर चालू किंवा बंद होतात. संशोधकाचा फायदा असा, की एक जनुक सापडले की त्याच्या आजूबाजूला बाकीची शोधता येतात.

२००६ मध्ये म्युन्स्टरलाच ‘क्लोए’ हे जनुक ओळखले गेले. एलिमोक्लॅव्हीनपासून लायसर्जिक आम्लाकडे नेणारी पायरी त्याची. राय धान्याच्या अरगटाचे सौम्य विष जालीम होते ते ह्या उंबरठ्यावर.

आणि मग २००७ मध्ये म्युन्स्टर आणि अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या गटांनी मिळून बाजरीच्या अरगटातली ह्या जनुकांची रांग वाचली. लॉरेन्झ, टुड्झिन्स्की, शार्डल आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी त्याची रचना पाहून मन भरून येते. अपेक्षा अशी होती की साधी द्रव्ये करणाऱ्या ह्या बुरशीत पुढच्या पायऱ्यांची जनुके नसतीलच. प्रत्यक्षात क्लोए होते. लायसर्जिक आम्ल पुढे नेणारे ‘एलपीएस-बी’ हेही होते, पण अर्धे तुटलेले, वाचनात जागोजागी चुका झालेले, म्हणजे निकामी. क्लोए मात्र वरवर पाहता धडधाकट होते. त्यात उघड दिसणारा बिघाड नव्हता आणि बुरशी ते वापरायलाही काढत होती. मग काम का होत नव्हते? त्यांनी अदलाबदल केली. बाजरीच्या बुरशीचे क्लोए राय धान्याच्या बुरशीत घातले: काही झाले नाही. राय धान्याच्या बुरशीचे क्लोए बाजरीच्या बुरशीत घातले: लायसर्जिक आम्ल तयार झाले.

म्हणजे दक्षिण साताऱ्यातली माणसे उलट्यांवर आणि झोपेवर सुटली, त्यामागे हे आहे. बाजरीच्या अरगटाच्या पूर्वजाकडे जालीम विषाची सगळी सामग्री असावी, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. उत्क्रांतीच्या ओघात पुढच्या पायऱ्या मोडल्या. त्या तशाच राहिल्या, कारण बुरशीला जगायला अडचण आली नाही. गाठीतले साधे क्लॅव्हीनच तिला पुरत असावे. एक जनुक नुसते दिसायला शाबूत राहिले आणि कामाला मुकले, म्हणून आपल्या भागातल्या भाकरीने कुणाचे पाय झडले नाहीत.

‘सौम्य’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. ऱ्होडेशियात १९५० च्या दशकात बाजरीच्या अरगटाच्या गाठी डुकरिणींच्या खाण्यात गेल्या आणि त्यांचे दूधच आटले. जन्मलेल्या पिल्लांना पाजायला काही उरले नाही. क्लॅव्हीन द्रव्ये दूध उतरवणाऱ्या संप्रेरकाला दाबतात. आपल्याकडे निवडलेली घाण जनावरांपुढे टाकण्याची सवय आहे. अरगटाच्या गाठींच्या बाबतीत ती सवय मोडलीच पाहिजे. ह्याच घराण्यातली द्रव्ये योग्य मात्रेत जीव वाचवतात, हेही तितकेच खरे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे मिथाइल अर्गोमेट्रीन अंधेरी-बोरिवलीच्या प्रसूतिगृहांतल्या फ्रिजमध्ये ठेवलेले असते. त्याचे मूळ अर्गोमेट्रीन १९३५ मध्ये अरगटातूनच हाती आले. उलट, लायसर्जिक आम्ल, अर्गोमेट्रीन आणि अर्गोटमीन ह्या तिन्हींवर १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार कडक लक्ष ठेवले जाते, कारण त्यांतून एलएसडी बनू शकते.

जनुके मोडलेली असण्याचा लाभ माणसाने जाणूनबुजूनही घेतला आहे. शेंगदाणा-मक्यावर अफ्लाटॉक्सिन सोडणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीची जवळची नातलग अ‍ॅस्परजिलस ओरायझी. जपानी लोक तिच्यावर सोया सॉस आणि साके आंबवतात. तिच्यात अफ्लाटॉक्सिनची रांग आहे, पण तुटकी. अमेरिकेत आणि आफ्रिकेत आता विष न करणारे फ्लेव्हसचे वाण मुद्दाम शेतात सोडतात, म्हणजे ते विषारी भाईबंदांची जागा अडवतात. असे वाण त्या त्या मातीतून शोधून, वाढवून, जपून ठेवावे लागतात. माझा आग्रह इथूनच सुरू होतो.

ह्यासाठी मुलुंडचे एक उदाहरण सांगतो. ते बुरशीचे नाही, जिवाणूचे आहे, पण रांगेचा न्याय तोच. मुलुंडमध्ये हेक्स्ट ह्या औषध कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी मुलुंडच्याच मिठागरातली माती तपासली. तीतल्या एका बॅसिलस जिवाणूतून मर्सासिडिन नावाचे प्रतिजैविक निघाले. १९९२ च्या ‘जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स’मध्ये त्याचे निबंध आले. लेखकांच्या यादीत चटर्जी, गांगुली यांच्याबरोबर लाड, फणसळकर अशी नावे आहेत. बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवरही ते परिणाम करते. २००० मध्ये जर्मनीतील बॉन इथल्या गटाने त्याची जनुकांची रांग वाचली. २०११ मध्ये आणखी गंमत झाली. पिकांच्या मुळांवर राहून त्यांचे रोगांपासून रक्षण करणारा, ‘एफझेडबी ४२’ नावाचा जिवाणू जर्मनीत प्रसिद्ध आहे. त्याच्याकडे मर्सासिडिनपासून स्वतःला वाचवणारी जनुके होती, पण मर्सासिडिन बनवणारी नव्हती. मुलुंडच्या जिवाणूची जनुके त्याला दिली आणि तो मर्सासिडिन करू लागला. बाजरीच्या अरगटात क्लोएने जे केले, तेच इथे.

पूर्व द्रुतगती महामार्गावरून किंवा ऐरोलीच्या रस्त्यावरून जाताना ही मिठागरे दिसतात. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातली अडीचशे एकरांहून अधिक मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला. घरांची गरज मी नाकारत नाही, आणि पाणी मुरण्याचा, पुराचा वाद इथे काढत नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्या मातीने एकदा जगाला नवे प्रतिजैविक दिले, तिच्यावर भराव पडण्याआधी तिचे नमुने घेऊन त्यांतले जीव वाढवून जपून ठेवले पाहिजेत. त्याला एकरांची गरज लागत नाही, काही शीतकपाटे लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तशी व्यवस्था आणि जाणकार माणसे आपल्या राज्यातच आहेत.

बाजरीच्या अरगटालाही हेच लागू आहे. त्याचे पहिले मोठे संकट महाराष्ट्राने सोसले, पण त्याच्या विषाची जनुके म्युन्स्टर आणि केंटकीमध्ये वाचली गेली. परदेशातल्या संशोधकांविषयी मनात कृतज्ञताच आहे. पण एका वाणात मोडके निघालेले जनुक साऱ्या वाणांत मोडकेच असेल, हे धरून चालणे धोक्याचे आहे. सांगली, नगर, बीड, धुळे, नाशिक इथल्या शेतांतून दर ओल्या वर्षी गाठी गोळा व्हाव्यात, त्यांतली द्रव्ये मोजली जावीत, क्लोए तपासले जावे. हे काम राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि पुण्याच्या संस्था मिळून करू शकतात. जनुकसंच वाचणे आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

तोपर्यंतचे उपाय जुनेच आहेत आणि चांगले आहेत. पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकायचे. अरगटाच्या गाठी हलक्या असल्याने तरंगतात, त्या काढून जाळून किंवा खोल पुरून टाकायच्या, आणि तळाचे बियाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. खाण्याच्या धान्यात अरगटाचे प्रमाण वजनाच्या ०.०५ टक्क्याहून जास्त नसावे, असा आपल्या देशातला नियम आहे. म्हणजे एका क्विंटलला ५० ग्रॅम.

वाचकांना विनंती इतकीच. गावाहून बाजरी आली तर गिरणीत देण्याआधी ती ताटात पसरून, उजेडात निवडा. लांबट काळपट गाठी दिसल्या तर त्या दळणात जाऊ देऊ नका, गुरांना घालू नका. आणि शक्य असेल तर पाठवणाऱ्या नातलगाला फोन करून सांगा, की ह्या गाठी कागदाच्या पाकिटात घालून, वर गावाचे आणि वाणाचे नाव लिहून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्या.